छोट्या ऑफिसच्या सर्व्हरचा रिमोट नीट लावून घ्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

सायबर फसवणुकीच्या बातम्या आपल्या पेपरात रोज असतात. ओटीपी कुणाला देऊ नका, अनोळखी लिंक उघडू नका हे आता घराघरात पोचलंय आणि त्यात पेपरांचा मोठा वाटा आहे. पण एका गोष्टीवर कुठेच काही छापून येत नाही म्हणून हे पत्र. पतसंस्था, लॅब, शाळा, सीएचं ऑफिस, छोटा कारखाना अशा ठिकाणी जिन्याखाली नाहीतर कपाटाशेजारी एक सर्व्हर असतो, त्यावर हायपर-व्ही, म्हणजे एकाच सर्व्हरमध्ये अनेक आभासी कॉम्प्युटर चालवणारं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर, टाकून आत दोन-तीन व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) चालू असतात, एकावर अकाउंटिंग, एकावर डेटाबेस, एकावर फाइली, आणि हे सगळं सांभाळणारा व्हेंडर दुसऱ्या गावात बसून रिमोटने बघतो. हा रिमोट कसा लावलाय ते त्या ऑफिसात कुणालाच माहीत नसतं. मी याच धंद्यात आहे, रोज असे सर्व्हर बघतो, आणि बऱ्याच ठिकाणी तो फार वाईट लावलेला असतो हे मला जबाबदारीने सांगायचंय.

आधी थोडं समजावून सांगतो, कंटाळू नका. मोठ्या कंपनीत डोमेन असतं, म्हणजे ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा एक सर्व्हर जो तिथल्या प्रत्येक मशीनला आणि माणसाला ओळखतो. तुम्ही रिमोटने आत गेलात की तुम्ही कोण हे तो समोरच्या सर्व्हरला पटवून देतो आणि समोरचा सर्व्हर खरा आहे हे तुम्हालाही पटवून देतो, हे काम कर्बेरॉस नावाची पद्धत करते आणि ते आपल्याला दिसत पण नाही. छोट्या ऑफिसात डोमेन नसतं, सगळी मशीन वर्कग्रुपमध्ये असतात, म्हणजे प्रत्येकाचे युजर आणि पासवर्ड आपापले, मधे ओळख पटवणारा कुणी नाही. तिथे कर्बेरॉस चालत नाही म्हणून विंडोज एनटीएलएम नावाच्या जुन्या पद्धतीवर येतं, जी मायक्रोसॉफ्टने जून २०२४ मध्ये निवृत्तीच्या यादीत टाकली पण सगळीकडे अजून तीच चालू आहे. एनटीएलएममध्ये तुम्ही कोण हे सर्व्हरला कळतं, पण समोर जो बसलाय तो आपलाच सर्व्हर आहे की मधे घुसलेला कुणी भलताच, हे तुमच्या लॅपटॉपला कळायला काही मार्ग नसतो. सगळी गोम इथेच आहे.

म्हणून विंडोज पहिल्यांदा नकार देतं. वर्कग्रुपमधल्या सर्व्हरला पॉवरशेलने, म्हणजे कमांड लिहून विंडोज चालवायच्या साधनाने, जोडायला गेलात की लाल अक्षरात एरर येतो, त्याचा अर्थ एवढाच की एकतर एचटीटीपीएस, म्हणजे सर्व्हरने सर्टिफिकेट दाखवून ओळख पटवायची पद्धत, वापरा नाहीतर हा सर्व्हर ट्रस्टेड होस्ट्सच्या यादीत टाका. ही यादी सर्व्हरवर नसते, ती जोडणाऱ्याच्या लॅपटॉपवर असते, आणि तिचा अर्थ असा की या नावाच्या मशीनची खात्री मला करता येत नाही तरी मी त्याच्याशी लॉगिन करायला तयार आहे. आता घाईतला माणूस काय करतो, त्या यादीत सरळ स्टार टाकतो, फुली मारल्यासारखं ते चिन्ह, म्हणजे जगातलं कुठलंही मशीन चालेल. एरर जातो, काम सुरू होतं, व्हेंडर खूश, ऑफिसही खूश. म्हणजे वॉचमनला सांगून ठेवायचं की कुणीही येऊन मी मालक म्हणाला तर विचारू नकोस, आत घे. तो स्टार मग वर्षानुवर्षं तसाच राहतो, आणि त्याच लॅपटॉपवरून तो माणूस आणखी कितीतरी ऑफिसांचं काम करत असतो, हॉटेलच्या वायफायवरून पण करतो, मधे कुणी नाव किंवा पत्ता फिरवून स्वतःचं मशीन उभं केलं तर ॲडमिनिस्ट्रेटरचा एनटीएलएमचा जबाब, म्हणजे पासवर्डवरून बनलेलं लॉगिनचं उत्तर, त्याच्या हातात जातो. तो जबाब दुसऱ्या सर्व्हरकडे पुढे ढकलून आत शिरता येतं, नाहीतर निवांत बसून त्याच्यावरून पासवर्ड फोडता येतो, आणि आपल्याकडे सर्व्हरचे पासवर्ड कसे असतात हे मी इथे लिहीत नाही.

एक गैरसमज दूर करतो. ५९८५ नंबरच्या पोर्टवरचं, म्हणजे नेटवर्कच्या त्या नंबरच्या दारावरचं, विनआरएम (पॉवरशेलचा रिमोट ज्याच्यातून चालतो ती विंडोजची सेवा) एचटीटीपीवर असलं तरी कर्बेरॉस किंवा एनटीएलएमने लॉगिन केलं तर आतला मजकूर एन्क्रिप्ट होऊनच जातो, त्यामुळे कुणी म्हणालं की सगळं उघडं जातंय तर ते बरोबर नाही. प्रश्न समोरचा कोण आहे याचा आहे. पण काही महाभाग त्याच्याही पुढे जाऊन बेसिक ऑथेंटिकेशन चालू करतात आणि अलाऊ-अनएन्क्रिप्टेड ट्रू करून ठेवतात, मग मात्र पासवर्ड खरोखर उघडा जातो, नेटवर्कवर बसलेल्या कुणालाही वाचता येईल असा. या दोन सेटिंग एकत्र कुठल्याही सर्व्हरवर दिसल्या तर त्याच दिवशी बंद करा, चर्चेला काही जागाच नाही.

बरं मग नीट कसं करायचं. हे फार अवघड नाही, अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि त्याला एक रुपया लायसन्स लागत नाही, म्हणूनच तर चीड येते. सर्व्हरवर एक सर्टिफिकेट बनवायचं, न्यू-सेल्फसाइन्डसर्टिफिकेट ही कमांड विंडोजमध्येच आहे, त्यात सर्व्हरचं नाव द्यायचं. त्या सर्टिफिकेटचा थंबप्रिंट, म्हणजे त्याची ओळखखूण, देऊन विनआरएमचा एचटीटीपीएस लिसनर तयार करायचा, तो ५९८६ पोर्टवर ऐकतो. मग सर्टिफिकेटची फक्त पब्लिक बाजू, म्हणजे डॉट सीईआर फाइल एक्स्पोर्ट करून ज्या एका लॅपटॉपवरून काम करायचं तिथे विश्वासू रूट सर्टिफिकेटच्या कप्प्यात टाकायची. इथे लोक डॉट पीएफएक्स एक्स्पोर्ट करून मेल करतात, त्यात प्रायव्हेट की असते, ती सर्व्हरच्या बाहेर जाताच कामा नये. फाइल पेनड्राइव्हवर नेली तर उत्तम, मेलनेच आली तर फोन लावून थंबप्रिंट वाचून घ्या, चाळीस अक्षरं असतात, दोन मिनिटं लागतात, आणि या सगळ्यातलं सगळ्यात महत्त्वाचं पाऊल तेच आहे कारण खात्री तिथेच होते.

यात अडकतात कुठे ते पण सांगतो. सर्टिफिकेटवर नाव असतं एसआरव्ही-मेन आणि माणूस जोडतो आयपी टाकून, मग नाव जुळत नाही म्हणून एरर येतो. डोमेन नाही म्हणजे बहुतेक ठिकाणी नीट डीएनएस पण नाही, अशा वेळी लॅपटॉपच्या होस्ट्स फाइलमध्ये त्या आयपीसमोर ते नाव लिहायचं, एका ओळीचं काम. ते न करता लोक स्किप-सीएन-चेक आणि स्किप-सीए-चेक हे नाव आणि विश्वास न तपासायचे दोन पर्याय लावून मोकळे होतात. त्याने एरर जातो खरा पण सर्टिफिकेट ज्यासाठी बनवलं ती तपासणीच बंद झाली, म्हणजे एवढी मेहनत करून परत स्टारच्याच लायकीवर आलो. दुसरी गोष्ट, त्या कमांडने केलेलं सर्टिफिकेट मुदत न सांगितल्यास एकच वर्ष चालतं, नंतर अचानक एक दिवस कनेक्शन बंद पडतं, बरोब्बर महिनाअखेरीला, आणि मग घाईत हेच स्किपवाले पर्याय येतात. मुदत बनवतानाच नॉट-आफ्टरमध्ये द्यायची आणि ती तारीख ऑफिसच्या रजिस्टरमध्ये लिहून ठेवायची, व्हेंडरच्या डोक्यात नाही.

एचटीटीपीएस लागलं की पॉवरशेलसाठी ट्रस्टेड होस्ट्सची गरजच राहत नाही, ती यादी रिकामी करा. ५९८५ फायरवॉलमध्ये बंद करा आणि ५९८६ फक्त त्या एका आयपीला उघडा. व्हीएमच्या आत जायचं असेल तर होस्टवरून, म्हणजे ज्या सर्व्हरवर ते व्हीएम चालतात त्याच्यावरून, पॉवरशेल डायरेक्टने जाता येतं, विंडोज सर्व्हर २०१६ पासून आहे ते, त्याला नेटवर्क लागत नाही, म्हणजे आतल्या प्रत्येक व्हीएमवर परत वेगळी दारं उघडायची गरज नाही. ही सोय कितीतरी व्हेंडरना माहीतच नाही याचं मला नवल वाटतं.

खरी अडचण येते ती हायपर-व्ही मॅनेजरच्या खिडकीची, कारण सगळ्यांना माउसने काम करायची सवय. वर्कग्रुपमधल्या होस्टला ती खिडकी दुसऱ्या युजरच्या नावाने जोडायची तर मायक्रोसॉफ्टच्याच पद्धतीप्रमाणे क्रेडएसएसपी चालू करावं लागतं, आणि क्रेडएसएसपी म्हणजे तुमचं युजरनेम पासवर्ड अख्खं समोरच्या सर्व्हरच्या ताब्यात द्यायचं. सर्व्हर आधीच कुणी पोखरलेला असेल तर ते त्याला आयतंच मिळालं. आता ग्रुप पॉलिसीत, म्हणजे विंडोजच्या नियमांच्या सेटिंगमध्ये, कुठल्या मशीनला हे द्यायचं ती यादी असते, तिथे डब्ल्यूएसमॅन स्लॅश पुढे सर्व्हरचं पूर्ण नाव लिहायचं असतं, पण तिथेही परत स्टार. खिडकी हवीच असेल तर ट्रस्टेड होस्ट्समध्ये पण आणि या पॉलिसीत पण त्या एकाच होस्टचं नाव टाका, कामासाठी एकच वेगळं मशीन ठेवा ज्यावर मेल आणि ब्राउझिंग होत नाही, आणि हे सगळं व्हीपीएनच्या, म्हणजे इंटरनेटवरून जाणाऱ्या खासगी सुरक्षित बोगद्याच्या, आतच चालू द्या. माझं मत विचाराल तर रोजच्या कामाला पॉवरशेल किंवा विंडोज ॲडमिन सेंटर पुरतं, खिडकीचा हट्ट सोडावा.

क्रेडएसएसपीवरून आठवलं. मार्च २०१८ मध्ये त्यातली एक मोठी चूक मायक्रोसॉफ्टने दुरुस्त केली आणि मे २०१८ च्या अपडेटपासून ज्यांचे सर्व्हर अपडेट नव्हते त्यांचं रिमोट डेस्कटॉप धडाधड बंद पडलं, ते एन्क्रिप्शन ओरॅकलवालं एरर खूप जणांना आठवत असेल. बरोबर उपाय होता सर्व्हर अपडेट करणं. पण रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात, एक किंमत दोन करून टाकली की एरर जायचा, आणि ग्रुप पॉलिसीत त्या पर्यायाचं नावच व्हल्नरेबल आहे, म्हणजे असुरक्षित असं तोंडावर लिहिलेलं. ती तात्पुरती तडजोड करून लोक पुढच्या कामाला गेले आणि मला अजूनही मशीनवर ती दोनची किंमत सापडते. तसंच हायपर-व्ही नवीन होतं तेव्हा, म्हणजे सर्व्हर २००८ च्या काळात, वर्कग्रुपमधून जोडायला डीकॉममध्ये, विंडोजच्या एका जुन्या रिमोट यंत्रणेत, ॲनॉनिमस लॉगऑनला रिमोट परवानगी द्यावी लागायची, नाव नसलेल्या कुणालाही. आता त्याची अजिबात गरज नाही पण जुन्या नोट्स बघून काम करणारे आजही ते करतात. जुन्या मशीनवर हे दोन्ही शोधून काढून टाकायला सांगा.

फायरवॉलबद्दल तर काय लिहू. वर्कग्रुपमध्ये नेटवर्क बहुतेकदा पब्लिक म्हणून ओळखलं जातं, त्यामुळे विनआरएम फक्त त्याच सबनेटमधून, म्हणजे ऑफिसच्या आतल्याच नेटवर्कवरून, चालतं, बाहेरून चालत नाही, आणि यावरचा आपल्याकडचा ठरलेला उपाय म्हणजे फायरवॉल पूर्ण बंद. त्यावर स्टॅटिक आयपी घेऊन राउटरमध्ये रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट सरळ फॉरवर्ड केलेला. मे २०१९ मध्ये याच रिमोट डेस्कटॉपमधली ब्लूकीप नावाची चूक बाहेर आली होती जिच्यात पासवर्डसुद्धा लागत नव्हता, तरी लोक पोर्ट उघडा ठेवून झोपतात. कुठलाही मॅनेजमेंटचा पोर्ट इंटरनेटवर उघडा नको, ३३८९ नको, ५९८५ नको, ५९८६ पण नको, आणि व्हीएमच्या स्क्रीनसाठी लागणारा २१७९ तर नकोच. वायरगार्डसारखं व्हीपीएन फुकट आहे, चांगल्या राउटरमध्ये आता आतच येतं, आधी त्यातून आत या मग पुढचं. ज्यांच्या व्हीपीएनला पासवर्ड असतो त्यांनी दुसरी पायरी, म्हणजे मोबाइलवरचा कोड, लावलाच पाहिजे. अमेरिकेत मे २०२१ मध्ये कलोनियल पाइपलाइनसारख्या कंपनीचा तेलपुरवठा बंद पडला तो एका जुन्या व्हीपीएन अकाउंटला ही दुसरी पायरी नव्हती म्हणून.

आणि पासवर्ड. डोमेन असेल तर विंडोज लॅप्स नावाची सोय प्रत्येक मशीनचा ॲडमिन पासवर्ड वेगळा ठेवते आणि आपोआप बदलते, पण तिला ॲक्टिव्ह डिरेक्टरी किंवा मायक्रोसॉफ्टची क्लाउडवरची ओळखसेवा एन्ट्रा लागतं म्हणजे आपल्या वर्कग्रुपला ती नाही. मग व्हेंडर त्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांकडे एकच पासवर्ड ठेवतो. एका ठिकाणी चोर शिरला की त्याच पासवर्डने, कित्येकदा पासवर्ड न फोडता नुसत्या त्याच्या हॅशनेच (विंडोज पासवर्ड ज्या सांकेतिक रूपात साठवतं ते), तो बाकी सगळीकडे जातो. जुलै २०२१ मध्ये कसेया या रिमोट मॅनेजमेंट सॉफ्टवेअरमधून असंच एका फटक्यात शेकडो छोट्या धंद्यांवर रॅन्समवेअर, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, गेलं, स्वीडनमध्ये कूपची शेकडो दुकानं बंद ठेवावी लागली, आणि त्या दुकानांनी स्वतः काही चूक केली नव्हती, त्यांचा पुरवठादार ज्याच्यातून काम करायचा तिथे भोक होतं. म्हणून प्रत्येक सर्व्हरचा पासवर्ड वेगळा हवा, आणि पासवर्डची एक प्रत सीलबंद पाकिटात संस्थेच्या तिजोरीत हवी. व्हेंडरच्या पोरांना रोजच्या कामाला पूर्ण ॲडमिन द्यायची पण गरज नाही, विंडोजमध्ये हायपर-व्ही ॲडमिनिस्ट्रेटर्स असा वेगळा गट २०१२ पासून आहे, रिमोटसाठी त्याच्या जोडीला रिमोट मॅनेजमेंट युजर्स, आणि ज्याचा त्याचा वेगळा युजर. म्हणजे पोरगा नोकरी सोडून गेला की त्याचं नाव काढता येतं.

एवढं सगळं होस्टसाठीच का म्हणून विचाराल तर होस्ट ज्याच्या हातात त्याच्या हातात आतलं सगळं. व्हीएम म्हणजे शेवटी एक व्हीएचडीएक्स फाइल, ती कॉपी करून नेली आणि दुसरीकडे उघडली की आत साधारणपणे सगळं वाचता येतं, व्हीएमचा पासवर्ड कितीही भारी ठेवला असला तरी. चोरांनाही हे कळलंय. फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएसएक्सआय (हायपर-व्हीसारखंच व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर) होस्टवर जगभर हल्ला झाला तो आतल्या मशीनवर नव्हता, थेट होस्टवर होता, आणि ज्या चुकीतून तो झाला असं समोर आलं तिचा पॅच दोन वर्षं आधीपासून उपलब्ध होता. दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद पडले, ओपीडी कितीतरी दिवस कागदावर चालवावी लागली, आणि सरकारने संसदेत कारण सांगितलं ते नेटवर्कचे भाग नीट वेगळे केलेले नव्हते हे. जुलै २०२४ च्या अखेरीस छोट्या बँकांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या एका कंपनीवर रॅन्समवेअर आलं तेव्हा जवळपास ३०० सहकारी आणि ग्रामीण बँकांचे पेमेंटचे व्यवहार अडकले. एवढ्या मोठ्यांची ही गत, तर एकाच होस्टवर सगळं आणि बॅकअपची डिस्क पण त्याच होस्टला लावलेली असणाऱ्या पतसंस्थेचं काय होईल. बॅकअप वेगळ्या अकाउंटने, वेगळ्या मशीनवर, आणि एक प्रत पूर्ण काढून ठेवलेली पाहिजे.

हे वाचून कुणी म्हणेल मग डोमेनच घ्या ना. मला ते पटत नाही. होस्ट डोमेनच्या बाहेर ठेवणं यात स्वतःमध्ये काही वाईट नाही, उलट मोठ्या ठिकाणी सुद्धा काही जाणकार होस्ट आणि बॅकअप मुद्दाम बाहेर ठेवतात, म्हणजे डोमेनचा ॲडमिन पासवर्ड गेला तरी ते वाचतात. वर्कग्रुपमध्ये राहा, पण डोमेन फुकटात देतं ती समोरच्याची खात्री तुम्हाला हाताने बांधावी लागेल, एवढं समजून घ्या.

आता सहकार खात्याला एक विनंती. पतसंस्थांवर रिझर्व्ह बँकेचं नियंत्रण नाही, ठेवींना विमा नाही, त्यामुळे महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ८१ खालचं ऑडिट हीच बाहेरून होणारी मोठी तपासणी. ऑडिटर रोकड मोजतो, तारण बघतो, पण सर्व्हरवर बाहेरून कोण कसं येतं हे विचारत नाही. ऑडिटच्या नमुन्यात एवढी माहिती लेखी मागा की कुठले पोर्ट बाहेर उघडे आहेत, रिमोटचे युजर कोण, सर्टिफिकेटची मुदत कधी संपते, बॅकअपमधून परत उभं करून शेवटचं कधी बघितलं. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश आहेतच, घटना सहा तासांत कळवायची आणि लॉग, म्हणजे सर्व्हरवर कोण कधी आलं त्याच्या नोंदी, १८० दिवस ठेवायचे, छोट्या उद्योगांना सुद्धा त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून ते लागू आहेत, पण आमच्या भागात लॉग चालू आहेत असा सर्व्हर क्वचित दिसतो. वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे, तो व्हेंडरला नाही, डेटा ज्याच्यासाठी गोळा केला त्या संस्थेला.

आणि व्हेंडर बंधूंना, तुम्ही माझेच सहकारी आहात, एएमसीच्या, म्हणजे वार्षिक देखभाल कराराच्या, पैशात हे परवडत नाही हे मला माहीत आहे. वर्षाला तुटपुंजे पैसे देऊन सर्व्हर चोवीस तास बघा म्हणणारे चेअरमनसाहेब पण यात तितकेच जबाबदार आहेत. पण पुढच्या एएमसीच्या कोटेशनमध्ये रिमोट सुरक्षित करण्याची एक वेगळी ओळ टाका, तिचा योग्य दर लावा, आणि संचालकांनी त्या ओळीवर घासाघीस करू नये. काम झाल्यावर व्हेंडरच्या लॅपटॉपवर ट्रस्टेड होस्ट्सची यादी समोर उघडून दाखवायला सांगा. एक कमांड आहे, तिथे स्टार आहे की नाही हे कॉम्प्युटर न येणाऱ्या संचालकालाही दिसतं.

आपला नियमित वाचक,
छोट्या संस्थांचे सर्व्हर सांभाळणारा एक तंत्रज्ञ, सांगली जिल्हा